नदीच्या नारळाला काळं डोकं चालत नाही

मांजर्लीच्या खालच्या आळीत कमळाकरच्या डोक्याची ख्याती अशी होती, की भर दुपारी तो उघड्या डोक्याने अंगणात उभा राहिला तर कोंबड्या मुकाट खुराड्यात जाऊन बसायच्या. त्यांना वाटायचं, झाली रात्र. शेजारणी ओरडायच्या, "कमळाकरदादा, टोपी घाला वो, नायतर अंडी कोन देल?" खरंखोटं त्या कोंबड्यांना ठाऊक. पण बासष्टाव्या वर्षी माणसाच्या डोक्यावर एवढा काळोख असावा, ही गोष्ट बदलापुरात दुसरीकडे कुठे नव्हती.

कारण विचारलं की कमळाकर माणूस बघून उत्तर द्यायचा. आळीतल्या आगऱ्यांना सांगायचा, "वाम माशाचं डोस्का चिंचंच्या पाल्यात शिजवून खातो. शेपूट नाय, डोस्का." स्टेशनकडच्या नव्या बिल्डिंगीतल्या लोकांना सांगायचा, "आमच्या विहिरीचा पानी." बँकेतल्या एका कारकुनाने मग पंधरा दिवस कॅन भरभरून ते पाणी नेलं आणि डोक्यावर ओतलं. त्याला सर्दी झाली. कमळाकर म्हणाला, "सर्दी झाली ना? मंग लागू पडतंय. थांबवू नका."

खरं कारण तिघांनाच माहीत होतं. एक कमळाकर, दुसरी त्याची बायको पुतळाबाई आणि तिसरा हरिचंद्र.

हरिचंद्र म्हणजे कमळाकरचा दूधभाऊ. हरिचंद्र जन्मला आणि आठवड्यात त्याची आई गेली. तेव्हा कमळाकर पाच महिन्यांचा होता. कमळाकरच्या आईने शेजारचं ते रडतं गाठोडं उचललं आणि दुसऱ्या मांडीवर घेतलं. दोघं एकाच छातीवर वाढले, एकाच होडीतून जाळी टाकायला शिकले, आणि पुढे अंबरनाथच्या एकाच कारखान्याच्या दारात एकाच दिवशी नोकरीला उभे राहिले.

सगळी भानगड त्या दारातून सुरू झाली. जन्माचा दाखला दोघांकडेही नव्हता. कारकुनाने हरिचंद्रला विचारलं, वय किती? त्याने सरळ सांगितलं, सत्तावीस. मग कमळाकरची पाळी आली. तो तोंड उघडणार एवढ्यात मागून हरिचंद्रच बोलला, "साहेब, हा माझ्यापेक्षा लहान हाय. चार वर्सांनी." बाहेर आल्यावर कमळाकर म्हणाला, "अरे, मी तुझ्यापेक्षा मोठा ना?" हरिचंद्र हसला. "येड्या, चार वर्सं नोकरी जास्त करशील. माझं लिवून झालं व्हता, म्हनून तुझं वाचवलं." असा तो हरिचंद्र. कमळाकर ही गोष्ट पुतळाबाईला पुन्हा पुन्हा सांगायचा.

कागदावर माणूस लहान होतो, पण केसांना कागद वाचता येत नाही. ऐंशी साली एका पावसाळ्यात कमळाकरचं डोकं असं पांढरं झालं की जणू कुणी रात्रीतून चुना फासून गेलं. फोरमन हसत म्हणाला, "कमळाकर, तुझं डोकं तुझ्या कागदाच्या पुढं पळतंय." कमळाकरला तो विनोद झोंबला नाही, त्याला घामच फुटला.

त्या रविवारी हरिचंद्रने त्याला उल्हासनगरला नेलं, कॅम्पातल्या परसराम नावाच्या एका सिंध्याच्या दुकानात. परसरामने काउंटरवर एक डबी ठेवली. डबीवर गोऱ्या बाईचं चित्र, बाईचे केस कमरेपर्यंत.

"साईं, ये लगाओ. बीस साल पीछे जाओगे."

"बीस नाय पाहिजे," कमळाकर घाबरून म्हणाला. "चार बास."

परसराम हसून हसून काउंटरवर आडवा झाला. "चार साल का अलग पुडी नहीं आता, साईं."

हरिचंद्रने दोन डब्या घेतल्या. "एक माझी. तू एकटा काला झालास तर लोकं वळखतील. दोघं झालो तर म्हनतील, आळीचा वारा तसा हाय." खरं तर हरिचंद्रला गरज नव्हती, त्याच्या कागदावर त्याचं खरंच वय होतं. पण भावासाठी माणूस काय करत नाही? परतताना त्यांनी एकमेकांच्या हातावर हात मारला: काळं व्हायचं तर दोघांनी, सोडायचं तर दोघांनी.

तेव्हापासून अकरा वर्षं, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, कमळाकरच्या मागच्या पडवीत कार्यक्रम चालायचा. पुतळाबाई दाराला आडवी बसून मासळी साफ करायची, म्हणजे कोणी आत येणार नाही. वाटीत ती काळी पूड कालवायची, जुन्या टूथब्रशने हरिचंद्रने कमळाकरला फासायची आणि कमळाकरने हरिचंद्रला. हरिचंद्रचा हात हलका. कानामागे एक थेंब सांडायचा नाही.

आता आणेची, म्हणजे शपथेची गोष्ट. सोमा पाटलाच्या मुलीच्या हळदीत बनूबाईने कमळाकरला गाठलं. बनूबाई धवलारीण, म्हणजे लग्नात विधीची गाणी म्हणणारी. देवालाही गाण्यात ओढायची, माणसाची काय कथा. तिने भरमांडवात सूर लावला, की कमळाकरदादाच्या डोक्यात कावळे अंडी घालतात आणि आपलंच पिल्लू समजून त्याला भरवतात. बायका लोळल्या. हरिचंद्रही हसला, त्याने काही मनाला लावून घेतलं नाही. पण कमळाकरने घेतली होती थोडी. तो उठला, नदीकडे तोंड केलं आणि गर्जला, "या नदीची आन! माझ्या डोस्क्याला रंगाचा बोट लागला असंल तर हिनं माझ्या घरात यावं!"

कमळाकरचं घर आळीत सगळ्यात खालचं. नदी दर पावसाळ्यात त्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन बघून जायची. पुतळाबाईने त्या रात्री नवऱ्याला जेवायला वाढलं नाही. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं, उंबऱ्याला लागलं आणि परत गेलं. त्याच्या पुढच्याही. कमळाकर म्हणाला, "बघितलंस? नदीला पन म्हाईत हाय, पोटासाठी बोललो." पुतळाबाई मात्र दर श्रावणात धान्याचे डबे माळ्यावर चढवू लागली.

एक्क्याण्णवच्या चैत्रात कमळाकर कागदाप्रमाणे अठ्ठावन्न वर्षांचा होऊन कारखान्यातून सुटला. हार, नारळ, शाल घेऊन घरी आला, आरशासमोर उभा राहिला आणि त्याला स्वतःचीच दया आली. बासष्ट वर्षांचं तोंड आणि वर तिशीतलं छप्पर.

शेवटच्या रविवारी वाटी पुढे आली तेव्हा तो म्हणाला, "हरिचंद्र, आता सोडूया का रं? कोनासाठी करायचं? मला माझं डोस्का बघायचंय, कसं दिसतंय ते."

हरिचंद्रचा ब्रश वाटीत फिरत राहिला. "सोडू ना. पन इतक्यात नको."

"का?"

"तुझ्या फंडाचे कागद झाले काय? नाय. उद्या कोनी साहेब आळीत आयला नि बघितला तुझा पांढरा डोस्का, तर? दिवालीपर्यंत लाव. मंग दोघं मिलून सोडू."

शहाणा सल्ला होता. कमळाकरने मान पुढे केली. आपल्यासाठी एवढा विचार करणारा माणूस पुढच्या जन्मी पण शेजारी मिळो, असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि ते त्याने बोलूनही दाखवलं. हरिचंद्र म्हणाला, "मान हलवू नको. कानाला लागंल."

आता हे लक्षात ठेवा की त्याच दिवशी वरच्या घरात दिनानाथबुवा अंथरुणाला खिळून आठवडा झाला होता.

दिनानाथबुवा म्हणजे नदीच्या नारळाचे मानकरी. खालच्या आळीची रीत अशी: नारळीपुनवेला सगळी आळी वाजतगाजत नदीवर जाते आणि आळीतल्या सगळ्यात जुन्या पुरुषाच्या हातून नदीला नारळ सुटतो, की बाई, या साली आलीस तेवढी पुरे, आता परत फिर. जुना म्हणजे वयाने जुना असं कोणी म्हणत नाही. जन्मतारखा होत्या कुणाकडे? ज्याने जास्त पूर पाहिले तो जुना. मानकरी मेला की नारळ दुसऱ्याकडे जातो, पण घराण्याचा मान राहतो: ज्या घरातून नारळ सुटला त्या घरची होडी पुढे कायम मानाच्या होड्यांत, इतरांच्या आधी पाण्यात पडते. लहानपणी कमळाकर बापाच्या खांद्यावर बसून तो नारळ बघायचा. बापाने तेव्हा म्हटलेलं, "आपल्या घरातून कधी सुटला नाय रं. तुझ्या हातून सुटंल." बाप पन्नाशीत गेला. तेवढं एक वाक्य मागे ठेवून गेला.

दिनानाथबुवा वैशाखात गेले. आता आळीत जुनी माणसं दोनच, कमळाकर आणि हरिचंद्र, आणि त्यात पाच महिन्यांनी कोण मोठा हे कमळाकरला आईने हजारदा सांगितलेलं. त्याने मनातल्या मनात नारळ फोडलासुद्धा. हरिचंद्रला म्हणाला, "पुनवेला तू माझ्या बाजूला उभा रहा. अर्धा हात तुझा."

"रहायलाच पायजे," हरिचंद्र म्हणाला.

जेठ महिन्यात हरिचंद्र वांगणीला लेकीकडे गेला. लावणी आहे, माणसं मिळत नाहीत, म्हणाला. जाण्याआधी कमळाकरचं डोकं नीट रंगवून गेला, दोन डब्या ठेवून गेला आणि पुतळाबाईला बजावून गेला, "वैनी, मी नसताना खाडा करू नका. हा आळशी हाय." पुतळाबाईने खाडा केला नाही. तिच्या हाताने कानामागे डाग पडायचे, एवढाच फरक.

श्रावण लागला आणि सोमा पाटलाने गावकी बोलावली, रविवारी सकाळी, गावदेवीच्या देवळापुढे. हरिचंद्र त्याच सकाळी वांगणीहून उतरला आणि थेट देवळात आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. कमळाकरने शेजारी जागा करून दिली. पण हरिचंद्र समोर जाऊन बसला.

"नारल कोनाचा, ते ठरवायचं," सोमा म्हणाला. सोमा चाळिशीतला, मान मोठा, आवाज त्याहून मोठा. "कमळाकरदादा, तू बोल."

"बोलायचं काय? याला पाजायला माझ्या आयशीला दूध कुठून आयलं? मी आदी जन्मलो म्हनून! मी पाच म्हयने पिऊन झालो, मंग हा आयला."

"बराबर हाय," बायकांतून कोणी म्हणालं.

"साक्ष कोन?" सोमाने विचारलं. "तुझी आय नाय, त्याची आय नाय. हरिचंद्रदादा, असंच झालं काय?"

"मला काय ठाव?" हरिचंद्र शांतपणे म्हणाला. "मी पीत व्हतो. वर बघितलं नाय."

देऊळ हसलं. कमळाकरही हसला. भाऊ चेष्टा करतोय, आता सांगेल, असं त्याला वाटलं. हरिचंद्र उठला आणि त्याने टॉवेल सोडला.

बारीक कापलेलं डोकं, आणि कानापासून कानापर्यंत पांढरंशुभ्र. असं पांढरं की देवळातल्या देवीनेही डोळे मिचकावले असतील. लावणीच्या दोन महिन्यांत तिथे नुसतं भात नव्हतं उगवलं.

"मी अकरा वर्सं रंग लावला," हरिचंद्र म्हणाला. "लपवत नाय. चूक झाली. देवीपुढं कबूल करतो. जसा हाय तसा उभा हाय."

म्हाताऱ्या बायकांनी 'बाई गं' केलं. कोणीतरी त्याच्या पायाला हात लावला. कमळाकरला आधी नुसतं आश्चर्य वाटलं. सोडायचं दोघांनी ठरलेलं. त्याला वाटलं, विसरला असेल. लेकीच्या घरी कोण लावून देणार? मग हळूहळू, जसं पाणी पडवीत शिरतं, आधी एका कोपऱ्यात ओल, मग चटई तरंगते, तसं त्याला कळत गेलं.

"आनि कमळाकरदादा?" सोमाने विचारलं. "तू लावतोस काय?"

कमळाकरने हरिचंद्रकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. अकरा वर्षं त्याच्या मानेला धरून ज्याने ब्रश फिरवला तो माणूस समोर उभा होता.

"त्याचं मला म्हाईत नाय," हरिचंद्र म्हणाला. "त्यानं नदीची आन घेतलीय. आन घेतलेल्या मानसाला मी कसा खोटा पाडू?"

देवळातून नदी दिसत होती, गढूळ, भरलेली, पायरीला चाटत. कमळाकरने हिशेब केला. हो म्हणावं तर खोटी आण उघडी पडते. आणि नदीची खोटी आण घेणाऱ्याच्या हातचा नारळ कुठली आळी सोडू देईल? नाही म्हणावं तर डोकं काळं ते काळंच. दोन्ही दारांना बाहेरून कडी, आणि कडी लावणाऱ्याला घराचा कोपरान् कोपरा माहीत.

"नाय," कमळाकर म्हणाला. "लावत नाय."

"मंग तोंडानं पूर कोनीबी सांगंल," सोमा म्हणाला. "डोस्क्यावर दिसतो तो खरा. नारल हरिचंद्रदादाचा."

देऊळ पुन्हा हसलं, बनूबाई एकटी हसली नाही. ती कमळाकरच्या कानामागे बघत होती.

दुपारी कमळाकर हरिचंद्रच्या अंगणात गेला. हरिचंद्र होडीच्या फटीत काथ्या भरत बसला होता. मानाची होडी, आता कायमची.

"तू लावलंस," कमळाकर म्हणाला. "या तुझ्या हातानं. बोललास, दिवालीपर्यंत लाव."

"वाटी तुझी, डोस्का तुझा."

"दिनानाथबुवा पडलेला व्हता तवा. तुला ठाव व्हता."

हरिचंद्रने काथ्या ठेवला. वर बघितलं तेव्हा त्याच्या तोंडावर लाज नव्हती. कमळाकरला तिचीच अपेक्षा होती. ती असती तर त्याने तिथल्या तिथे माफ केलं असतं.

"कमळ्या, तुला चार वर्सं कोनी दिली?"

"तू."

"मी. आनि मी घरी बसलो चार वर्सं आदी. रोज सकाली तू डबा घेऊन स्टेशनला जायचास, मी वटीवर बसून बघायचो. एक दिवस तरी बोललास, हरिचंद्र, चुकलं, ती वर्सं तुझी व्हती? हसत जायचास. हात करायचास."

"मंग तवा बोलायचं!"

"मागून घेतलं तर ते दिलेलं कसलं? कागदावर जो लहान झाला त्यानं नारलाला मोठं व्हायचं नाय. एक तुझं, एक माझं."

"माझा बापूस..." कमळाकर म्हणाला. बापाच्या खांद्याची गोष्ट हरिचंद्रला माहीत होती. त्यानेच ती कमळाकरच्या तोंडून शंभरदा ऐकली होती.

"बापूस माझाबी व्हता," हरिचंद्र म्हणाला. "मलाबी खांद्यावर घ्यायचा. तुझी पाली झाल्यावर." आणि त्याने पुन्हा काथ्या उचलला.

नारळीपुनवेच्या सकाळी आळी नटली. बायका हिरव्या लुगड्यांत, नारळाला सोनेरी कागद, पुढे ढोल. हरिचंद्र नवं धोतर नेसून, पांढरं डोकं उघडं ठेवून, मिरवणुकीच्या अग्रभागी. जरा पाऊस भुरभुरत होता, पण त्याने टोपी घातली नाही. कोण घालेल?

नदीच्या पायऱ्यांशी मिरवणूक पोचली आणि ढोल आपोआप मंदावला.

सगळ्यात वरच्या पायरीवर, उंबराखाली, कमळाकर उघड्या अंगाने पाटावर बसला होता आणि मधु न्हावी त्याच्या डोक्यावरून वस्तरा फिरवत होता. काळे केस भिजल्या पायरीवर पडत होते, आणि प्रत्येक काळ्या केसाच्या बुडाशी नखाएवढं पांढरं टोक. निम्मं डोकं झालं होतं. मधुला घरून ओढून आणलेलं दिसत होतं.

सोमा पाटील वाकून बघू लागला. पायरीवरचा एक केस उचलून त्याने उजेडात धरला. "दादा! म्हंजे आन..."

"खोटी," कमळाकर म्हणाला. "नदी काय करायचं ते करंल. तिचं नि माझं बघून घेतो. मधु, मिशी पन."

मधु थांबला. मिशी माणूस उगीच देत नाही. ती एकाच कारणाने जाते. बायकांच्या लक्षात आधी आलं, आणि त्यांच्यात एक कुजबुज मागे मागे सरकत गेली.

"कोन गेला, दादा?" सोमाने हळूच विचारलं.

"माझा दूधभाव."

ढोल पुरता थांबला. हरिचंद्र नारळ हातात घेऊन चार हातांवर उभा होता, चांगला धडधाकट, सोनेरी कागदाचा उजेड तोंडावर पडलेला. आळीने त्याच्याकडे पाहिलं, मग कमळाकरकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, जणू दोघांतला कोण जिवंत ते ठरवायचं होतं.

"कमळ्या, उठ," हरिचंद्र म्हणाला. "तमाशा करू नको."

कमळाकरने वळून पाहिलं नाही. मेलेल्याची हाक ऐकू येत नाही, निदान ओ द्यायची नसते. न्हाव्याने मिशी उतरवली. कमळाकर उठला, दोन पायऱ्या खाली गेला, बुडी मारली आणि तसाच ओल्या अंगाने घराकडे चालू लागला. सुतक लागलेला माणूस नारळाच्या जवळ थांबत नाही. त्याला ठाऊक होतं की वस्तरा लागला तेव्हाच त्याचा नारळ गेला, या वर्षीचाच नाही, कायमचा. खोटी आण आता आळीभर झाली होती. हे त्याने आधीच्या सबंध रात्रीत ठरवलं होतं. बापाला मनातल्या मनात सांगूनही झालं होतं.

नारळ सुटला. पण कसा सुटला, यावर आळीत अजून भांडणं होतात. एकजण म्हणतो, नदीने तो तीनदा पायरीवर परत आणून टाकला. दुसरा म्हणतो, तो उलटा वाहत बारवीच्या धरणाला जाऊन लागला. मधु न्हावी सांगतो ते खरं मानायचं: नारळ दहा हात गेला आणि जलपर्णीत अडकला, आणि एकाही बाईने गाणं म्हटलं नाही. बनूबाईने सूर लावायला तोंड उघडलं आणि मिटलं.

कमळाकरच्या घरी चूल पेटली नाही. सुतकात पेटत नाही, शेजाऱ्याने ताट आणायचं असतं. पुतळाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने नवऱ्याच्या बोडक्या डोक्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "सर्दी व्हईल." त्याने टॉवेल घेतला. आरसा समोरच्या भिंतीवर होता, पण तिकडे बघायचं त्याला सुचलं नाही. अगदी लागून शेजार म्हणजे एकच घर, हरिचंद्रचं. त्या घरून कोण येणार?

दुपार कलली तेव्हा दारात विठा उभी राहिली. विठा म्हणजे हरिचंद्रची बायको. हातात झाकलेलं ताट, पदर डोक्यावरून. ती आत आली, ताट कमळाकरपुढे ठेवलं आणि उंबऱ्याजवळ बसली.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी सगल्यांदेखत बोललात, तो गेला."

कमळाकरने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

"मी काय करू ते सांगा. कुकू पुसू?"

तिचा आवाज भांडणाचा नव्हता. ती खरंच विचारत होती, भाजीत मीठ किती घालू विचारावं तसं. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, सणाच्या, सकाळीच भरलेल्या. पुतळाबाईने तोंडाला पदर लावला.

कमळाकरला अकरा वर्षांतलं काही आठवलं नाही. कारखान्याचं दार आठवलं. मागून आलेला तो आवाज, साहेब, हा लहान हाय. त्याचा खोटेपणा तेव्हा त्याला किती गोड लागला होता.

"नको, वैनी," तो म्हणाला. "कुकू ऱ्हाऊ दे. तुझा हाय तसा हाय."

"मंग?"

"माझा मेला."

विठाने मान हलवली. कळलं की नाही कोण जाणे. तिने ताटावरचं झाकण काढलं. गरम नारळीभात होता, गुळाचा, वर काजू. घरात सण होता, मान होता, तिने दुसरं काय रांधलं असणार?

वास सगळ्या घरात भरला. सकाळपासून उपाशी होता कमळाकर. त्याचा हात ताटाकडे गेला, आणि ताटाच्या कडेवर थांबला.

"सुतकात गोड चालत नाय, वैनी," तो म्हणाला. "घरी साधा भात असंल तर बघ."

विठा उठली आणि साधा भात आणायला गेली.